वाचन शिकवण्यात स्पेशलायझेशन करायचंय? आधी हे बघ
अगं, आपल्याकडे फक्त वाचन शिकवण्याचं असं वेगळं एमएड शोधत बसू नकोस, एमएड किंवा एमए एज्युकेशन कर आणि डिझर्टेशन (शेवटचा संशोधन प्रबंध) वाचनावर घे, खरं शिक्षण तिथेच होतं. नाशकात असशील तर गंगापूर धरणाकडचं मुक्त विद्यापीठ आहेच, नोकरी सांभाळून काय करता येईल ते विचारून ये. आणि इंग्रजी फोनिक्सचं, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवण्याच्या पद्धतीचं, रिसर्च जसंच्या तसं मराठीला चिकटवू नको हं, आपल्या लिपीत व्यंजन नि स्वर मिळून एक अक्षर होतं, पोरं अडकतात ती काना-मात्रा नि जोडाक्षरांत, एकटा र बघ, सूर्य, चक्र, ट्रक, प्रत्येक ठिकाणी वेगळा दिसतो! नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांत तर घरची बोली कोकणा, त्यामुळे अक्षरं जुळवली तरी अर्थ लागेलच असं नाही. माझ्या मते डिझर्टेशनला हाच विषय भारी.