शंका-समाधान : तपासणी पूर्ण होण्याआधीच फॉर्म का निघून जातो?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे जावास्क्रिप्टमधून केलेली फॉर्मची पडताळणी आणि सर्व्हरकडे जाणाऱ्या असिंक्रोनस (उत्तराची वाट न पाहता पुढे जाणाऱ्या) रिक्वेस्ट यांच्या गुंत्याविषयी आहेत. पहिल्या प्रश्नाचा आशय अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : नोंदणीच्या फॉर्ममध्ये निवडलेले युजरनेम आधीच कोणी घेतले आहे का, हे मी सबमिटच्या वेळी 'फेच' (रिक्वेस्ट पाठवणारे फंक्शन) वापरून सर्व्हरला विचारतो. फॉर्मच्या टॅगमध्ये 'ऑनसबमिट' लिहून त्यातून तपासणीच्या फंक्शनचे मूल्य 'रिटर्न' केले आहे. युजरनेम घेतलेले असेल तर 'देन'च्या (उत्तर आल्यावर चालणाऱ्या भागाच्या) आत 'रिटर्न फॉल्स' लिहिले आहे, तरीही फॉर्म सबमिट होतोच. कोणीतरी सुचवल्यावरून फंक्शन 'असिंक' करून 'अवेट' (उत्तर येईपर्यंत फंक्शन तिथेच थांबवणारा शब्द) लावले, तर आतापर्यंत नीट चालणारी रिकाम्या रकान्यांची तपासणीही चालेनाशी झाली. असे का व्हावे?

उत्तर : सबमिट इव्हेंट घडला की ब्राउझर आपले फंक्शन चालवतो आणि ते परत आले, की त्याच क्षणी फॉर्म पाठवायचा की थांबवायचा हे ठरवतो. सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत तो थांबत नाही. 'फेच' रिक्वेस्ट पाठवून लगेच एक प्रॉमिस, म्हणजे उत्तर नंतर मिळेल असे आश्वासन असलेले मूल्य, परत करते, आपले फंक्शन तिथून पुढे जाऊन संपते, आणि 'देन'मधला कॉलबॅक (नंतर बोलावण्यासाठी दिलेले फंक्शन) पुष्कळ नंतर, सर्व्हरचे उत्तर आल्यावर चालतो. तोपर्यंत निर्णय होऊन गेलेला असतो. शिवाय कॉलबॅकमधील 'रिटर्न फॉल्स' हे बाहेरच्या फंक्शनचे मूल्य नसतेच. ते प्रॉमिसच्या साखळीतील पुढच्या कडीला मिळते आणि फॉर्मपर्यंत कधीच पोहोचत नाही.

'असिंक' लावल्यावर जुनी तपासणीही का बिघडली, हा आपल्या प्रश्नातील अधिक महत्त्वाचा भाग आहे. 'असिंक' फंक्शन नेहमीच प्रॉमिस परत करते. आत 'अवेट'पर्यंत पोहोचण्याआधीच आपण 'रिटर्न फॉल्स' लिहिले असले, तरी बाहेर मिळतो तो 'फॉल्स' पोटात असलेला प्रॉमिस. 'ऑनसबमिट'मधून नेमके 'फॉल्स' हेच मूल्य मिळाले तरच ब्राउझर फॉर्म थांबवतो. प्रॉमिस मिळाल्यास त्याच्या दृष्टीने अडवण्याचे कारण उरत नाही. त्यामुळे रिकामा रकाना असलेला फॉर्मही सुखरूप निघून जातो. इव्हेंटला फंक्शन जोडण्यासाठी 'अ‍ॅडइव्हेंटलिसनर' वापरणाऱ्या वाचकांनी हेही लक्षात घ्यावे, की तिथे फंक्शनच्या परतीच्या मूल्याकडे ब्राउझर मुळीच पाहत नाही.

उपाय असा, की आधी थांबवावे आणि मग तपासावे. सबमिटच्या फंक्शनची अगदी पहिली ओळ इव्हेंटवरील 'प्रिव्हेंटडिफॉल्ट' (फॉर्म पाठवणे थांबवणारी सूचना) ही असू द्यावी. 'अवेट'नंतर ती लिहिली तर तिचा काहीच उपयोग होत नाही, कारण तोवर इव्हेंटची प्रक्रिया पूर्ण झालेली असते. पहिल्याच ओळीचा आग्रह आणखी एका कारणासाठी आहे. तपासणी चालू असताना एखादी एरर आली, म्हणजे आयडीचे स्पेलिंग चुकल्यामुळे रकाना सापडलाच नाही आणि 'नल'चे (काहीच नाही असे सांगणाऱ्या मूल्याचे) 'व्हॅल्यू' वाचण्याचा प्रयत्न झाला, तर फंक्शन अर्ध्यावर तुटते आणि न तपासलेला फॉर्म पाठवला जातो. पान बदलल्यामुळे कन्सोलमधील (ब्राउझरच्या एरर दाखवणाऱ्या खिडकीतील) लाल ओळही पुसली जाते आणि नेमके काय झाले ते दिसतच नाही. अशा वेळी कन्सोलच्या सेटिंगमधील 'प्रिझर्व्ह लॉग' चालू करून पाहावे. कोडे वाटणाऱ्या कितीतरी तक्रारींचे मूळ त्या एका ओळीत सापडते.

फॉर्म थांबवल्यावर आधी ज्यांना सर्व्हरची गरज नाही अशा तपासण्या कराव्यात, मग युजरनेमसाठी 'अवेट' करावे आणि सर्व ठीक असेल तर स्क्रिप्टमधून फॉर्मचे 'सबमिट' फंक्शन बोलवावे. या फंक्शनमुळे सबमिट इव्हेंट पुन्हा घडत नाही आणि ब्राउझरची अंगभूत पडताळणीही होत नाही, त्यामुळे ते पुन्हा आपल्याच तपासणीत अडकत नाही. 'रिक्वेस्टसबमिट' मात्र इव्हेंट पुन्हा घडवते. इथे ते वापरले तर तपासणी आणि सबमिट यांचे न संपणारे चक्र सुरू होईल. फॉर्ममधील बटणाला 'सबमिट' हे नाव किंवा आयडी दिलेला नाही ना, तेही पाहावे. तसे असल्यास 'फॉर्म डॉट सबमिट' म्हणजे ते बटण असा अर्थ लागतो, आणि हे फंक्शनच नाही अशी एरर येते.

काही जुन्या लेखांत 'एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट' ही रिक्वेस्ट पाठवण्याची जुनी सोय वापरून ती सिंक्रोनस पद्धतीने पाठवून उत्तर येईपर्यंत सारे थांबवून ठेवण्याचा मार्ग दिलेला आढळतो. तो वापरू नये. उत्तर येईपर्यंत संपूर्ण पान गोठते आणि ब्राउझरही ही पद्धत कालबाह्य असल्याचा इशारा देतात.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या वर आहे. ब्राउझरमधून केलेली ही चौकशी वापरणाऱ्याच्या सोयीसाठी असते. आपण 'उपलब्ध आहे' असे उत्तर मिळवल्यानंतर आणि फॉर्म पोहोचण्याआधी दुसरे कोणी तेच युजरनेम घेऊ शकते; शिवाय ब्राउझरमधील स्क्रिप्ट बंद करून थेट रिक्वेस्ट पाठवणे कोणालाही शक्य आहे. म्हणून डेटाबेसमधील त्या कॉलमवर युनिक (एकच मूल्य दोनदा न स्वीकारणारे) बंधन असलेच पाहिजे, आणि ते मोडल्यावर सर्व्हरकडून येणारा नकार त्याच रकान्याखाली नीट दाखवला गेला पाहिजे. तो नकार दाखवण्याची व्यवस्था आधी करावी आणि आगाऊ चौकशी नंतर जोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मी युजरनेमची उपलब्धता टाइप करतानाच तपासते. बहुतेक वेळा संदेश बरोबर येतो, पण कधीकधी घेतलेल्या नावापुढेही 'उपलब्ध' असे दिसते. सर्व्हरचे उत्तर तपासले, तर ते बरोबर आहे.

उत्तर : रिक्वेस्ट ज्या क्रमाने पाठवल्या त्याच क्रमाने उत्तरे येतील याची हमी कोणीच देत नाही. समजा, आपण 'साग' असे टाइप केल्यावर एक रिक्वेस्ट गेली आणि 'सागर' झाल्यावर दुसरी. 'सागर' घेतलेले असल्याचे उत्तर ८० मिलिसेकंदांत आले आणि तसा संदेश दिसला. 'साग' मोकळे असल्याचे उत्तर मात्र कुठेतरी रेंगाळून ९०० मिलिसेकंदांनी आले आणि त्याने आधीचा संदेश पुसून 'उपलब्ध' असे लिहिले. दोन्ही उत्तरे खरी आहेत, पण उशिरा आलेले आता रकान्यात नसलेल्या मजकुराविषयीचे आहे.

टायपिंग थांबल्यावर थोड्या वेळाने रिक्वेस्ट पाठवणे, म्हणजेच 'डिबाउन्स', याने रिक्वेस्टची संख्या कमी होते आणि तो करावाच, पण त्याने ही अडचण फक्त विरळ होते. खरा इलाज दोन प्रकारे करता येतो. नवी रिक्वेस्ट पाठवण्यापूर्वी 'अबॉर्टकंट्रोलर'च्या साहाय्याने आधीची रद्द करावी. किंवा उत्तर आल्यावर, ज्या मजकुरासाठी विचारणा केली होती तोच मजकूर अजून रकान्यात आहे का हे पाहून, नसल्यास उत्तर सोडून द्यावे. पहिल्या प्रकारात रद्द झालेली रिक्वेस्ट 'कॅच'मध्ये (प्रॉमिस नाकारला गेल्यास चालणाऱ्या भागात) 'अबॉर्टएरर' या नावाने येते. तिला वेगळे ओळखले नाही, तर प्रत्येक अक्षरागणिक 'संपर्क होऊ शकला नाही' असा संदेश झळकत राहील. मला दुसरा प्रकार अधिक भरवशाचा वाटतो, कारण त्यात प्रश्न थेट विचारला जातो : हे उत्तर आत्ताच्या मजकुराचे आहे का?

आपण 'सेटकस्टमव्हॅलिडिटी' (रकान्याला आपला चुकीचा संदेश जोडणारे फंक्शन) वापरत असाल तर आणखी एक दक्षता घ्यावी. एकदा संदेश दिला की तो आपणहून जात नाही. युजरनेम बदलून मोकळे निघाले तरी रिकामी स्ट्रिंग देऊन तो संदेश काढल्याखेरीज ब्राउझर तो रकाना अवैधच मानतो आणि फॉर्म पुढे सरकत नाही.

हा दोष आपल्या संगणकावर सहसा दिसत नाही, कारण तिथे सर्व्हर शेजारीच असतो आणि उत्तरे झटपट येतात. सर्व्हरच्या कोडमध्ये तात्पुरता कमी-जास्त विलंब घालून पाहावे. दोष लगेच समोर येतो.

प्रश्न : सर्व्हरवर एरर आली तरी 'फेच'चा 'कॅच' चालत नाही, आणि कधी चाललाच तर 'अनपेक्षित टोकन <' असा, ज्याचा माझ्या कोडशी काहीच संबंध नाही असा, संदेश येतो.

उत्तर : सर्व्हरने ४०४ किंवा ५०० असा अपयश दर्शवणारा स्टेटस कोड पाठवला, तरी 'फेच'च्या दृष्टीने संभाषण पूर्ण झालेले असते. नेटवर्क तुटले, रिक्वेस्ट रद्द झाली किंवा कॉर्सच्या, म्हणजे दुसऱ्या साइटकडून आलेले उत्तर वाचण्याविषयीच्या, नियमामुळे ब्राउझरने उत्तर अडवले, अशा प्रसंगीच प्रॉमिस नाकारला जातो. म्हणून रिस्पॉन्सचा 'ओके' हा गुणधर्म दर वेळी तपासावा. स्टेटस २०० ते २९९ या दरम्यान असेल तरच तो 'ट्रू' असतो.

त्या '<' या चिन्हाचा उलगडाही इथेच होतो. आपण जेसन (माहिती पाठवण्याची ठरावीक मांडणी) अपेक्षित धरून वाचायला जाता आणि समोर एचटीएमएलचे पान असते, ज्याचे पहिलेच अक्षर हे चिन्ह असते. ते पान बहुधा सर्व्हरचे एररचे पान असते. पण नुसते 'ओके' तपासून सुटत नाही असाही एक प्रसंग आहे : वापरणाऱ्याचे सेशन संपलेले असते, सर्व्हर त्याला लॉगिनच्या पानाकडे वळवतो, 'फेच' निमूटपणे त्या वळणाने जाते आणि २०० हा स्टेटस व लॉगिनचे पान घेऊन परत येते. नेटवर्क टॅबमध्ये त्या रिक्वेस्टचा 'रिस्पॉन्स' उघडून पाहिला की हे डोळ्यांना दिसते. अशा रिक्वेस्टना वळवण्याऐवजी सर्व्हरने ४०१ (लॉगिन आवश्यक) पाठवावा, हे योग्य. ते आपल्या हाती नसेल, तर जेसन वाचण्यापूर्वी 'कन्टेन्ट-टाइप' हा उत्तराचा प्रकार सांगणारा हेडर पाहावा.

प्रश्न : एकच ईमेल पत्ता एकदा वैध ठरतो, लगेच पुन्हा तपासला की अवैध, मग पुन्हा वैध. पॅटर्न बरोबर आहे.

उत्तर : आपल्या रेग्युलर एक्स्प्रेशनला (म्हणजे त्या पॅटर्नला) 'जी' हा फ्लॅग लावलेला असणार आणि ते फंक्शनच्या बाहेर एकदाच तयार केलेले असणार. 'जी' असताना 'टेस्ट' हे फंक्शन शोध कुठे संपला ते 'लास्टइंडेक्स'मध्ये लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करते. तिथे काही उरलेले नसल्याने उत्तर नकारार्थी येते, 'लास्टइंडेक्स' शून्यावर जातो आणि तिसऱ्यांदा सारे पुन्हा जुळते. फ्लॅग काढून टाकावा. पूर्ण मजकूर तपासताना त्याचे काही काम नसते.

प्रश्न : नावाच्या रकान्यात मराठीत लिहिलेले नाव चालावे म्हणून मी पॅटर्नमध्ये युनिकोडचा 'अक्षर' हा वर्ग वापरला. 'कमल' चालते, पण 'सुनीता' चालत नाही.

उत्तर : युनिकोडमध्ये उकार, वेलांट्या, काना, अनुस्वार आणि हलन्त ही चिन्हे 'अक्षर' या वर्गात येत नाहीत, ती 'एम' या वर्गात, म्हणजे जोडचिन्हांत मोडतात. 'कमल' या नावात असे एकही चिन्ह नाही, 'सुनीता'त तीन आहेत. म्हणून 'एल' (अक्षर) आणि 'एम' हे दोन्ही वर्ग एकत्र घ्यावेत. त्यांत स्पेसलाही जागा द्यावी, आणि शक्यतो झिरो विड्थ जॉइनरलाही, कारण 'दऱ्या'सारख्या शब्दांतील अर्धा र काही कीबोर्डांवर हे अदृश्य चिन्ह घालून टाइप होतो आणि ते या दोन्ही वर्गांच्या बाहेर आहे.

लांबीच्या मर्यादेकडेही लक्ष द्यावे. 'क्षितिज' हे नाव डोळ्यांना तीन अक्षरांचे दिसते, पण जावास्क्रिप्टमध्ये त्याची लांबी ७ भरते आणि 'मॅक्सलेंग्थ'ही तसेच मोजते. यूटीएफ-८मध्ये (युनिकोड मजकूर बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत) त्याला २१ बाइट लागतात. सर्व्हरवरील मर्यादा बाइटमध्ये असेल, तर ब्राउझरने स्वीकारलेले नाव तिथे नाकारले जाईल. आकड्यांच्या बाबतीत, पॅटर्नमधील 'बॅकस्लॅश डी' फक्त 0 ते 9 या इंग्रजी अंकांना जुळतो आणि '४५' हे देवनागरी अंक 'नंबर' या फंक्शनला दिल्यास 'नॅन' (अंक नाही) मिळते. असे अंक नाकारू नयेत. तपासणीपूर्वी स्क्रिप्टनेच ते इंग्रजी अंकांत बदलून घ्यावेत.

हा पॅटर्न आपण इनपुटच्या 'पॅटर्न' या गुणविशेषात लिहिला असेल, तर तो नव्या ब्राउझरांत 'व्ही' फ्लॅगच्या कडक नियमांनी वाचला जातो. चौकोनी कंसात हायफन हवा असेल, तर त्याच्याआधी बॅकस्लॅश द्यावाच लागतो. तो न दिल्यास ब्राउझर पॅटर्न चुकीचा ठरवून कन्सोलमध्ये तशी नोंद करतो आणि तो रकाना पॅटर्नची तपासणी न करताच स्वीकारतो. बदल केल्यावर मुद्दाम एक चुकीचे नाव टाकून ते नाकारले जाते आहे ना, हे आवर्जून पाहावे.