फोटोभोवतीची पांढरी रेघ

बाळा,

तालमीच्या स्मरणिकेची पीडीएफ अध्यक्षांनी मोबाइलवर बघितली आणि रंकाळ्याच्या फोटोभोवती पांढरी रेघ दिसली म्हणून तुला फैलावर घेतलं, असं कळलं. तू रात्रभर फोटो काढून परत बसवत होतास, तेही कळलं. मीही एकदा अशीच आठ पानं पुन्हा लावली होती. नंतर हौसेनं जुन्या फाइलचं प्रूफ (छापील नमुना) काढलं, तर त्यात रेघ नव्हतीच.

तेव्हा आधी रेघ खरी की खोटी ते बघ. पीडीएफ मोठी करत जा: 100, 400, 1600 टक्के. रेघ केसाएवढीच राहिली तर ती फक्त पडद्यावरची. फोटोबरोबर जाड होत गेली तर फाइलमधली. तरी शंका राहिली तर ॲक्रोबॅटच्या (पीडीएफ बघायच्या सॉफ्टवेअरच्या) प्रेफरन्सेसमध्ये, पेज डिस्प्लेखाली, 'स्मूद लाइन आर्ट' आणि 'स्मूद इमेजेस' यांच्यापुढची टिक काढून बघ. खोटी असेल तर बहुतेक वेळा तिथंच नाहीशी होते.

ही खोटी रेघ सावलीमुळं येते. (तुम्हा पोरांना सावली दिल्याशिवाय फोटो उघडा वाटतो, त्याला माझा इलाज नाही.) पीडीएफ 1.3 ला, म्हणजे तिच्यावर बेतलेल्या एक्स-1ए या छपाईच्या पीडीएफ प्रकारालाही, पारदर्शकता कळत नाही, आणि सावली तर अर्धी पारदर्शकच. मग एक्सपोर्ट करताना इनडिझाइन (पानं लावायचं सॉफ्टवेअर) सावलीच्या आसपासचा भाग कापतं आणि तुकडे फरशीसारखे शेजारी शेजारी बसवतं. तुकडे चिकटलेलेच असतात, पण पडदा प्रत्येकाची कड मऊ करून दाखवतो आणि सांध्यातून मागचा पांढरा डोकावतो. छपाईच्या प्लेटवर ही रेघ सहसा उतरत नाही. ऑफिसच्या साध्या प्रिंटरवर मात्र कधी कधी दिसते, म्हणून त्या प्रिंटवरून घाबरू नकोस.

उपाय म्हणजे पीडीएफ/एक्स-4 काढ, त्या प्रकाराला पारदर्शकता कळते. त्यात सावली न कापता तशीच जाते. फक्त प्रेसवाल्याला आधी फोन कर. त्याचं रिप (फाइलचे प्लेटसाठी ठिपके करणारं सॉफ्टवेअर) जुनं असेल तर तो एक्स-1ए च मागेल, आणि तिथं त्याचंच ऐकायचं. अशा वेळी मजकूर सावलीच्या वरच्या लेयरवर घे, नाहीतर शेजारची अक्षरं जाड होऊन येतात. अध्यक्षांना मात्र पानांचे जेपीजी पाठव. त्यांच्या मोबाइलमधली टिक काढायला तू जाणार आहेस का?

रेघ खरी निघाली तर फ्रेमचा स्ट्रोक, म्हणजे कडेची रेघ, बघ. तो 'पेपर' म्हणजे कागदाच्याच रंगाचा असला की पांढऱ्या पानावर लपतो आणि रंगीत पट्टीवर उघडा पडतो. फोटो फ्रेमपेक्षा किंचित लहान आहे का, स्कॅन करताना कडेला पांढरे पिक्सेल राहिलेत का, तेही तपास. एकदा मी न बघताच 'पडद्यावरची आहे हो' म्हणून गिऱ्हाइकाला वाटेला लावलं होतं, आणि हजार पत्रिका रेघेसकट छापून आल्या. कागदाचे पैसे मीच भरले.

रंकाळ्याचं पान 1600 टक्क्यांवर बघ आणि प्लेट सोडायच्या आधी मला फोन कर.

तुझा,
काका