फँटसी गेमच्या कॅरेक्टर कार्डांवर एकाच रंगाच्या मार्करने चित्रं काढतोय, पण सगळी पात्रं सारखीच आणि चपटी दिसतात. दुसरा रंग घ्यावा का?

माझं मत विचाराल तर नका घेऊ. दुसरा रंग आला की घोळ झाकला जातो एवढंच, मूळ गडबड उजेड-सावलीची असते आणि ती तशीच राहते.

आधी हातातला मार्कर बघा. पिवळा, फिका गुलाबी असले रंग कितीही थर दिले तरी गडद होत नाहीत, आणि एकदम काळपट रंग पहिल्याच थरात संपतो, पुढे जायला जागाच नाही. म्हणून मधला रंग घ्या, राखाडी निळा, विटकरी, शेवाळी वगैरे. अल्कोहोल मार्कर (शाई पाण्यात नाही, अल्कोहोलमध्ये विरघळवलेली असते तो) असेल तर पहिला थर पूर्ण वाळू द्यायचा आणि मग त्याच मार्करने दुसरा थर, तो स्पष्ट गडद दिसतो. ओल्यावर ओला मारलात तर शाई एकमेकीत मिसळून सगळं सपाट होतं (घाईत असलो की नेमकं हेच करतो आपण). दुसऱ्या-तिसऱ्या थरानंतर फारसा फरक पडत नाही, कागद मात्र भिजतो आणि कडा फुटतात. म्हणजे कोरा कागद, एक थर, दोन थर, हातात एवढंच, आणि लहान चित्राला तेवढं पुरतं खरं तर.

आता पात्रं सारखी का दिसतात. नेहमीचं कार्ड ६३ बाय ८८ मिमी, त्यात नाव आणि आकडे टाकले की चित्राला जेमतेम निम्मी जागा उरते, आणि समोर बसलेला माणूस ते उलटं बघत असतो. तिथे नाक-डोळे कोण बघतंय, बाहेरचा आकारच दिसतो. तर पेन्सिलने छोटी आकृती काढून आतून पूर्ण भरून टाका आणि बघा ओळखू येते का. योद्धा, चोर, चेटकीण तिघंही सरळ उभे आणि हातात काहीतरी लांबडं, असं असेल तर गेलं काम. चोराला वाकवा, योद्ध्याला दारात मावणार नाही इतका रुंद करा, चेटकिणीची टोपी चौकटीबाहेर जाऊ द्या. तलवारी कमी करा हो, प्रत्येकाच्या हातात तलवारच का लागते कळत नाही.

पांढरा कुठे सोडायचा ते रंगवण्याआधीच ठरवा, नंतर सोडता येत नाही. पांढरं जेल पेन असतं, पण ते बारीक चमकेपुरतं. चिलखतात कोरा कागद आणि सगळ्यात गडद भाग एकमेकाला चिकटून ठेवा, मधली छटा जवळजवळ नकोच, लगेच धातू वाटतो. कापडाला उलट, मधली छटा जास्त. आणि जादूचा उजेड दाखवायचा तर उजेड रंगवूच नका, हाताभोवतीची जागा कोरी ठेवून बाकी सगळं दोन थरांनी दाबा.

स्कॅन करून छापणार असाल तर दुप्पट आकारात काढा, पण रेषा जाड ठेवा कारण ०.२ मिमीची रेषा छोटी करताना ०.१ होते आणि छापताना तुटते. छापलेल्या कार्डाच्या चारी बाजूंनी ३ मिमी जास्तीचं लागतं, कापताना, म्हणजे दुप्पट चित्रात ६ मिमी रंगवून ठेवा. मूळ चित्रं लवकर स्कॅन करा, अल्कोहोल मार्करचा रंग उजेडात उडतो, आणि दोन्ही टोकं असलेले मार्कर आडवेच ठेवा नाहीतर वरचं टोक कोरडं पडतं.