वाचक विचारतात : संगणकासाठी तयार वॉटर कूलिंग संच घ्यावा का?

प्रश्न : मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, खालच्या मजल्यावर टॉवेलचे यंत्रमाग आहेत. माझ्या संगणकात कोअर आय-५ १३४०० प्रोसेसर आणि त्याच्यासोबत आलेला छोटा पंखा आहे. लग्नाचे व्हिडिओ एडिट करताना उन्हाळ्यात प्रोसेसरचे तापमान ९० अंशांवर जाते. दुकानदाराने २४० मिलिमीटरचा वॉटर कूलिंग संच लावून पाच मिनिटांत ५८ अंश दाखवले. तो घ्यावा का?

उत्तर : त्या ५८ अंशांवर विसंबू नये. पाणी प्रोसेसरची उष्णता रेडिएटरपर्यंत, म्हणजे पंखे लावलेल्या पातळ पत्र्यांच्या जाळीपर्यंत, वाहून नेते आणि तिथे ती खोलीतल्या हवेतच सोडली जाते, त्यामुळे असा कोणताही संच प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. दुकानातल्या एसीत २६ अंश असतील, तर प्रोसेसर खोलीपेक्षा ३२ अंशांनी गरम होता; तुमच्या घरी मे महिन्यात ४० अंश असताना तोच संच ७२ दाखवील. शिवाय नळ्यांतले पाणी तापायला वेळ लागतो आणि तोवरचे आकडे फसवे असतात. म्हणून एखादा मोठा व्हिडिओ निदान अर्धा तास रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल तयार) होऊ द्यावा, आकडा स्थिरावला की त्यातून खोलीचे तापमान वजा करावे आणि राहिलेल्या फरकावरूनच प्रोसेसर गार ठेवणाऱ्या दोन कूलरची तुलना करावी.

तुमच्याकडचा खरा शत्रू मात्र मागावरून उडणारी लव आहे. रेडिएटरच्या पातळ पत्र्या अगदी जवळजवळ असल्याने पंखा आणि पत्र्या यांच्यामध्ये लवीचा थर नमद्यासारखा बसतो, आणि मग आत कितीही पाणी फिरले तरी उपयोग नसतो. संच घेतलाच, तर पंखे सोडवून हा थर वरचेवर ब्रशने काढावा लागेल. आजचे ९० अंशही कदाचित याच लवीमुळे असतील. आधी प्रोसेसरवरचा जुना पंख्याचा कूलर साफ करून पाहावा, त्याला खर्च काहीच नाही.

एवढे करूनही तापमान उतरले नाही, तर या प्रोसेसरसाठी मी १२० मिलिमीटर पंख्याचा उभा एअर कूलर (पाण्याविना, पत्र्या आणि पंख्याने प्रोसेसर गार ठेवणारा) सुचवीन. या प्रोसेसरची मूळ ऊर्जामर्यादा ६५ वॅट आणि कमाल १४८ वॅट आहे, आणि एवढी उष्णता चांगला एअर कूलर सहज हाताळतो. त्यात बंद पडण्याजोगा फक्त पंखा असतो व तो सहज बदलता येतो. सीलबंद संचातला पाणी फिरवणारा पंप गेला तर बहुधा सगळा संचच बदलावा लागतो. पुढे २०० वॅटच्या वरचा प्रोसेसर घेणार असाल, तर पाण्याच्या संचाचा विचार योग्य ठरेल.

तो संच घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. नळ्यांतून वर्षानुवर्षे थोडे पाणी झिरपून उडते आणि त्याच्या जागी जमलेली हवा सर्वांत उंच भागी जाते. तो भाग पंप नसावा, म्हणून रेडिएटर कॅबिनेटच्या वरच्या बाजूस बसवून घ्यावा. आणि गळती झाल्यास मदरबोर्डचे नुकसान वॉरंटीत भरून मिळते का, हे दुकानदाराच्या तोंडी न ऐकता वॉरंटीच्या कागदावर वाचून घ्यावे.