नट मागवण्याआधी ब्रॅकेट सैल करा

प्रश्न : घरी बनवलेल्या सीएनसी राउटरवर (संगणकाने चालणाऱ्या कोरीव यंत्रावर) मी फणसाच्या लाकडाच्या नावपाट्या कोरतो. गाडा सरकवणारा बॉल स्क्रू (याच्या नटात छर्रे फिरतात) 1605 आहे. साफ करताना नट निसटला, छर्रे सांडले. कमी पडलेले सायकलच्या दुकानातून आणून भरले. आता नट मोटरजवळ जड चालतो, मधे सैल. गोलाकार कोरताना चार जागी पायरी पडते. दुसऱ्या कंपनीचा 1605 नट चालेल का? – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : इतक्यात मागवू नका. 1605 म्हणजे 16 मिमी व्यास आणि एका फेरीला 5 मिमी सरक, एवढंच. खाचेचा आकार कंपनीगणिक बदलतो, म्हणून नट आणि स्क्रू जोडीनेच घ्यावेत.

टोकाला जड आणि मधे सैल, यात मला आधी नट गाड्याला जोडणाऱ्या ब्रॅकेटचा संशय येतो. मधे स्क्रू थोडा वाकून चूक पोटात घालतो, बेअरिंगजवळ त्याला वाकता येत नाही. ब्रॅकेटचे बोल्ट सैल करा, नट मोटरच्या टोकाशी आणा आणि तिथेच आवळा. चार पायऱ्या पडतात त्या दिशा बदलताना, म्हणजे कुठेतरी ढिलाई आहे. स्क्रूच्या मोकळ्या टोकाच्या मध्यखड्ड्यात ग्रीसने एक छर्रा चिकटवा, त्यावर डायल गेजची (बारीकशी हालचाल दाखवणाऱ्या मापकाची) सुई टेका आणि गाडा हाताने ढकला. सुई हलली, तर दोष मोटरकडच्या बेअरिंगचा. त्याचा चेकनट (बेअरिंग जागी आवळून धरणारा नट) आवळा. माझ्याकडे आलेल्या कित्येक यंत्रांत नट बिचारा निर्दोष होता.

छर्रे मात्र सगळे बदला. सायकलच्या फ्रीव्हीलचा छर्रा 1/8 इंची, म्हणजे 3.175 मिमी, तुमच्या नटातही बहुधा तोच, त्यामुळे तो बसतो. पण मायक्रॉनभर मोठे चार छर्रे सगळा भार घेतात आणि खाच खातात. एकाच पाकिटातले भरा, ठासून नको, नटात छर्रे फिरतात त्या प्रत्येक फेऱ्यात छर्राभर जागा ठेवा. नट काढताना आट्याच्या तळापेक्षा किंचित बारीक नळी टोकाला लावून नट तिच्यावर सरकवा, छर्रे सांडत नाहीत.

आता खारा वारा. रत्नागिरीच्या भाट्ये खाडीजवळच्या माझ्या वर्कशॉपात उघडा स्क्रू श्रावणापर्यंत तांबूस होतो. पावसाळ्यात दर आठवड्याला स्क्रू रॉकेलच्या फडक्याने पुसा, लिथियम ग्रीसचा पातळ हात द्या आणि गाडा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. ग्रॅफाइटचं ग्रीस नको. फणसाचा बारीक भुसा ग्रीसमध्ये मिसळला की पॉलिशची पेस्टच होते, म्हणून नटाच्या तोंडाशी कचरा अडवणारे वायपर फाटले असतील तर आजच बदला. प्लॅस्टिकने झाकू नका, आत घाम धरतो. मी सुती चादर घालतो.