प्रीसेट लावूनही डिजिटल फोटो फिल्मसारखे का दिसत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये विकतचा 'फिल्म' प्रीसेट (तयार सेटिंग्जचा संच) लावला, ग्रेन (फिल्मचा दाणेदारपणा) वाढवला, काळा रंग उचलून करडा केला, तरी बहिणीच्या लग्नाचे फोटो रोलवर काढल्यासारखे वाटत नाहीत, नुसते धुरकट दिसतात. ते धुरकटपण त्या उचललेल्या काळ्यामुळेच आलंय. चांगल्या निगेटिव्हवरून नीट काढलेल्या प्रिंटमध्ये काळा चांगला गडद असतो. करडा काळा दिसतो तो वर्षानुवर्षं अल्बममध्ये उडालेल्या प्रिंटमध्ये, नाहीतर कमी उजेडात काढलेल्या निगेटिव्हच्या घाईच्या स्कॅनमध्ये. तेव्हा कर्व्हचं, म्हणजे गडद-उजळ छटा बदलणाऱ्या रेषेचं, खालचं टोक आधी पुन्हा जागेवर आणा.

दुसरं म्हणजे कुठली फिल्म हवी ते ठरवा. फुजीच्या वेल्व्हियासारखी स्लाइड, कोडॅकची कृष्णधवल ट्राय-एक्स, आजीआजोबांच्या काळात मिळणारी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' आणि रंगीत निगेटिव्ह यांचा लूक एकमेकांशी फारसा जुळत नाही. लग्न आणि माणसांचे चेहरे म्हणजे रंगीत निगेटिव्ह, म्हणून पुढचं सगळं मी कोडॅक पोर्ट्रा ४०० डोळ्यासमोर ठेवून सांगतो.

माझ्या मते फिल्मचा निम्म्याहून जास्त लूक हायलाइटमध्ये, म्हणजे फोटोतल्या सगळ्यात उजळ भागांत, असतो. डिजिटल सेन्सर भरेपर्यंत सरळ रेषेत प्रकाश मोजतो आणि भरला की तिथेच संपतो, पुढे कोरा पांढरा. निगेटिव्हचा आलेख वर जाताना हळूहळू आडवा होतो. हर्टर आणि ड्रिफिल्ड या दोघांनी १८९० मध्येच हा वक्र मांडला होता. त्यामुळे निगेटिव्हवर दोन स्टॉप जास्त उजेड पडला (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) तरी तपशील शाबूत राहतो. नवरीच्या कपाळावरच्या मुंडावळ्या बघा. फ्लॅशमध्ये काढलेल्या डिजिटल फोटोत त्या मोत्यांची एक पांढरी पट्टी होते, तर निगेटिव्हवरून केलेल्या प्रिंटमध्ये प्रत्येक मोत्याची गोलाई आणि त्याच्या पोटातली फिकट सावली दिसते. हे एडिटिंगमध्ये परत आणता येत नाही, फोटो काढतानाच सांभाळावं लागतं. रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरची मूळ नोंद ठेवणाऱ्या फाइलमध्ये, काढा आणि कडक उजेड असेल तर एक्स्पोजर अर्ध्या ते एक स्टॉपने कमी ठेवा. जुने फोटोग्राफर निगेटिव्हवर सावलीसाठी एक्स्पोजर धरत, डिजिटलमध्ये हायलाइटसाठी धरायचं. मग एडिटिंगमध्ये कर्व्हचा मधला भाग वर घ्या आणि वरचा चतुर्थांश असा वळवा की तो पांढऱ्याकडे जाताना आडवा होत जाईल. डार्कटेबल हे सॉफ्टवेअर वापरलंत तर 'सिग्मॉइड' किंवा 'फिल्मिक आरजीबी' हे मॉड्यूल हेच काम करतात, तेही फुकट.

प्रीसेट फसतो तोही इथेच. तो कुणीतरी स्वतःच्या कॅमेऱ्याच्या, स्वतःच्या एक्स्पोजरच्या फोटोवर बसवलेला असतो. रॉथेरपी या सॉफ्टवेअरमध्ये चालणाऱ्या हाल्ड क्लटचंही तेच: आत आलेल्या एका रंगाच्या जागी दुसरा रंग देणारा तो एक तक्ता आहे. फोटो आधीच जळलेला असेल तर त्या तक्त्याचा उपयोग नाही.

आता रंग. फिल्ममध्ये रंग तयार होतो निळसर-हिरवा, किरमिजी आणि पिवळा या तीन डायच्या थरांतून. डाय जितका दाट तितका प्रकाश कमी, म्हणून फिल्मवरचा गडद रंग हा थोडा काळसरही होतो. सॅच्युरेशनचा स्लायडर मात्र रंग भडक करतो आणि उजळ ठेवतो, त्यामुळे लाल शालू निऑनच्या पाटीसारखा पेटतो आणि त्याच्या निऱ्या दिसेनाशा होतात. म्हणून एकूण सॅच्युरेशनला हात लावू नका. एचएसएलमध्ये (एकेक रंग वेगळा बदलण्याची जागा) लाल, किरमिजी आणि हिरव्याचा ल्युमिनन्स, म्हणजे उजळपणा, खाली आणा, सॅच्युरेशन किंचित कमी करा. नारिंगीला सांभाळून, कारण आपल्या त्वचेचे बहुतेक रंग तिथे आहेत आणि तिथला ल्युमिनन्स उतरवला की चेहरे मळकट दिसतात. रॉ मध्ये लाल चॅनल (लाल रंगाची नोंद) शाबूत असेल तर निऱ्या एकेक करून वर येताना दिसतील. मला हा टप्पा सगळ्यात आवडतो.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या पिवळ्या-निळ्या छटेची दुरुस्ती, 'ऑटो'वर ठेवू नका. दिवसाच्या उजेडाची फिल्म साधारण ५५०० केल्व्हिनला (उजेडाची छटा मोजायचं एकक) बांधलेली असे आणि अख्खा रोल त्यावरच निघे. लॅबवाला प्रिंट काढताना थोडी दुरुस्ती करायचा, पण बल्बचा पिवळेपणा पूर्ण जात नसे. सगळ्या फोटोंना आधी ५५०० लावा, मग हॉलमधल्या फोटोंना अर्ध्या वाटेपर्यंतच सुधारा. पूर्ण पांढरं केलंत की मांडवातली ऊब जाते.

दिव्यांभोवतीच्या लाल वलयाचा, म्हणजे हॅलेशनचा, फार मोह धरू नका. प्रकाश थरांतून आरपार जाऊन मागून परततो आणि लाल रंग टिपणारा थर तळाशी असल्याने वलय लाल येतं. ते अडवायला फिल्ममध्ये खास थर असतो. सिनेस्टिल ८००टी या फिल्ममध्ये सिनेमाच्या फिल्मचा असा थर काढलेला असतो, म्हणून तिथे ते ठळक दिसतं. पोर्ट्रावर जवळपास नसतं.

ग्रेन सगळ्यात शेवटी, फोटो हव्या त्या मापाचा केल्यावर. डिजिटल नॉइज, म्हणजे सेन्सरमुळे येणारे ठिपके, सावलीत जास्त असतो, तर फिल्मचा ग्रेन मधल्या छटांमध्ये, गालांवर आणि भिंतींवर जास्त जाणवतो. म्हणून आधी रंगीत नॉइज काढा, शार्पनिंग निम्म्यावर आणा, टेक्स्चरचा स्लायडर थोडा उणे करा, मगच ग्रेन घाला. व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर अगदी कमी ठेवा, कॉम्प्रेशनमध्ये त्याचे डाग होतात.

शेवटी एक गोष्ट नक्की करा. घरात आईवडिलांच्या लग्नाच्या रंगीत निगेटिव्ह पाकिटात असतील, तर त्यातल्या चार-पाच चांगल्या लॅबमध्ये स्कॅन करून आणा. लॅबला सांगा की ऑटो कॉन्ट्रास्ट आणि शार्पनिंग नको, फ्लॅट (कॉन्ट्रास्ट न वाढवलेली) फाइल हवी, कारण एकच निगेटिव्ह नोरित्सू आणि फ्रंटियर स्कॅनरवर वेगवेगळी दिसते. ती फाइल स्क्रीनच्या एका बाजूला आणि तुमचा फोटो दुसऱ्या बाजूला उघडून कर्व्ह त्याच्याशी जुळवत बसा. कुठलाही विकतचा प्रीसेट तुम्हाला हे शिकवणार नाही.