स्ट्रॅटेजी गेमचा जगाचा नकाशा: जुन्या कागदासारखा ठेवावा की थ्रीडी?

टीम दोन-तीन जणांची आणि प्रांत शंभराच्या वर असतील तर कागदी टूडीच घ्या. थ्रीडी डोंगर दिसतात झकास, पण खेळाडू झूम कमी करून शेवटी सीमाच बघत बसतो. दोन्हीचा मोह असेल तर ‘सिव्हिलायझेशन ६’ हा गेम पाहा: नजरेआडचा प्रदेश जुन्या नकाशासारखा रेखाटलेला, नजरेतला थ्रीडी.

आधी एकच स्क्रीन पूर्ण करा: किनारा, डोंगर, तीन शेजारी राज्यं, दोन सैन्यं, नावं. ती ग्रेस्केल (काळी-पांढरी) करून २५ टक्के आकारात बघा. सैन्य जमिनीत विरघळत असेल तर दोघांच्या उजळपणातला फरक वाढवा. जमिनीचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) उतरवा. भडक रंग राज्यांसाठीच राखा. लाल आणि हिरवं राज्य शेजारी आलं तर एकावर तिरप्या रेषा द्या, रंगांधांना फरक कळतो. कागदाचा पोत गडद केलात की देवनागरी नावांतले अनुस्वार गायबच!

शैली कुठलीही असो, प्रांत ओळखण्याचं रंगीत चित्र (प्रत्येक प्रांताला वेगळा रंग; क्लिक कुठल्या प्रांतावर झालं हे गेम त्यावरून ठरवतो) पीएनजीत ठेवा. युनिटी या गेम इंजिनात त्याचा फिल्टर ‘पॉइंट’ (शेजारचे पिक्सेल न मिसळणारा), मिपमॅप (चित्राच्या लहान केलेल्या प्रती) आणि कॉम्प्रेशन बंद. नाहीतर सीमेवरचे रंग मिसळतात आणि क्लिक भलत्याच प्रांतावर जातं.